खिडकीची खोली

पाच हजारांची खोली घेतली
कारण तुम्ही म्हणालात,
भिंत बघून बरं होता येत नाही.

चौथ्या दिवशी चौरसियाने बिल सरकवलं.
पॉलिसीत खोली चार हजारांची आहे, आंटी.
म्हटलं, बरं, वरचे हजार-हजार मी भरते,
चार दिवसांचे चार.
तो हसला नाही. चांगला मुलगा आहे.
पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने मांडून दाखवलं:
खोलीत पाचातले चारच मंजूर,
म्हणून सर्जनची फी, थिएटर, भूल,
सगळ्यांतच पाचातले चार.
नव्वद हजारांतून अठरा गेले.

म्हणजे तुम्हाला दिलेली भूल
चार हिस्से विम्याची, एक हिस्सा माझी.
पाच टाके असतील
तर एक मी घातलाय.

शिवाय हातमोजे, कापूस, थर्मामीटर,
आणि नाव न लागलेलं काहीतरी,
तेवीसशे दहा.
हे म्हणे कुणाच्याच पॉलिसीत नसतं.

रामबागेच्या शाळेत तीस वर्षं अपूर्णांक शिकवले.
आधी छेद सारखा करून घ्या, मुलांनो.
छेद तुमच्या पोटावर आहे, बेंबीच्या उजवीकडे,
आणि मी इथे काउंटरवर
अंश शोधत उभी.

वर आले तर तुम्ही उशीला टेकून बसलेले.
समोरच्या गच्चीवर कुणी टाकी धुतोय,
कमरेपर्यंत आत, बाहेर नुसते पाय.
"अर्धा तास झाला," तुम्ही म्हणालात,
"अजून वर आला नाही गं."

चोवीस हजार तीनशे दहा.
पावती पर्समध्ये घडी घालून ठेवली
आणि खुर्ची ओढली.
जरा सरका, म्हटलं,
मलाही दिसू द्या.