प्रेताचं पोट

आधी दोष सांगतो, पुण्यात तशीच रीत आहे.

भुताच्या मनगटावर घड्याळ दिसतं.
पेशवाईतल्या घनदाट जंगलात, म्हणजे तळजाईवर,
मागून कात्रजच्या बसचा हॉर्न येतो.
रक्त बिटाचं होतं,
पडद्यावरही बिटाचंच दिसलं.
हडळ झालेल्या रेवती कुदळेला
दहाच्या ठोक्याला पतपेढीत पोचायचं असे,
म्हणून ती सगळ्यांना जरा घाईतच झपाटते.
"भूत आहे का भिशीची वसुली?"
मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं
आणि अख्खं थिएटर, म्हणजे आम्ही चौदा जण, हसलो.
मीही हसलो. संकलन माझं होतं.

आता गुण. फार नाहीत.
भोसरीतल्या बंद गिअर कारखान्यात
चौथ्या रात्री लाइट गेली, खरीखुरी.
जनरेटरचं भाडं आम्ही वडापावात खाऊन बसलेलो.
निनाद कुजबुजला, कॅमेरा बंद करू नको.
मोबाइलच्या उजेडात
एक रिकामी खुर्ची,
पत्र्यावर कबुतरांची नखं,
आणि रेवतीचं "कोण आहे?"
जे संहितेत नव्हतं.
दीड मिनिट.
तेवढ्यात त्या चौदा जणांत
शेंगदाण्याची पुडीसुद्धा वाजली नाही.
पैसे असते तर त्या खुर्चीत आम्ही भूत बसवलं असतं.

राहिलं प्रेत.
प्रेत म्हणजे सोपान खिलारे, कारखान्याचे वॉचमन.
दोनशे रुपये आणि दोन चहा, एवढ्यावर मरायला तयार.
"डोळे मिटून पडायचं ना?
ते रोजचंच आहे, मालकाला सांगू नका."
पांढऱ्या चादरीखाली पडले, आणि झोपलेच.
रेवती उराशी हात घेऊन हंबरडा फोडते
आणि पुढ्यात चादर
खाली-वर, खाली-वर.
दुसरा टेक नव्हता. बॅटरी संपली होती.
थिएटरात सगळ्यात मोठा हशा तिथेच.

सहा वर्षांनी निनादचा फोन:
पिक्चर घेतंय कुणीतरी, जरा साफ करून दे.
घड्याळ पूस, हॉर्न काढ,
आणि ते पोट थांबव बाबा एकदाचं.

सोपं असतं.
एक फ्रेम धरायची, अकरा सेकंद ताणायची.

खिलारे दुसऱ्या लाटेत गेले, ससूनला.
आम्हाला कळलं चार महिन्यांनी,
उरलेले दोनशे द्यायला गेलो तेव्हा,
गेटवरच्या नव्या माणसाकडून.

घड्याळ पुसलं.
हॉर्न काढला.
चादर थांबवली, आणि मागे सरकून
पुन्हा पाहिलं.
त्या पिक्चरला मी पहिल्यांदाच घाबरलो.

रात्रीचे अडीच. एक बटण दाबून बदल मागे घेतला.
खाली-वर.
निनादला लिहिलं,
पोटाचं जमत नाहीये, सॉफ्टवेअर जुनं आहे.
तो बराच वेळ काहीतरी टाइप करत होता, खोडत होता.
मग आलं एवढंच:
राहू दे.
हसतील. हसू देत.