किल्ली माझ्याकडे असते

साडेपाचला मी फाटक उघडते.
भरतीची पोरं त्याआधीच आत असतात,
तारेच्या कुंपणाला भोक आहे तिथून.
सोळाशे मीटर पळून घामेजलेली बनियनं
दगडाच्या कोपऱ्यावर वाळत टाकतात.
मी ओरडते, अरे, ती काय तुमच्या आईची दोरी आहे?
हसतात, उचलतात,
आणि उचलता उचलता एखादं नाव वाचतात.
ओठ हलतात फक्त.

दगड आडवा बसवलाय.
रस्त्याला त्याची कड दिसते, नदीलाही कड.
कुठली भाषा पुढे, यावर पंचायतीत
दोन उन्हाळे गेले. एक खुर्ची मोडली.
शेवटी बसगोंडा गवंडी म्हणाला,
फिरवून बसवतो की ओ, पुढं-मागं राहतंयच कुठं मग?
तसं झालं.
उगवतीला कानडी, मावळतीला मराठी,
इकडे अकरा, तिकडे तेच अकरा.
सकाळचं ऊन एका लिपीत वाचतं,
संध्याकाळचं दुसऱ्या.

दस्तगीरची अम्मा शुक्रवारी येते.
तिला वाचता येत नाही. खालून बोटाने मोजते,
एक, दोन, तीन,
आणि तिसऱ्यावर तळवा ठेवून
मला रताळ्यांचा भाव सांगत बसते.

आमच्या घरातले त्या अकरांत नाहीत.
सतरा वर्षं नोकरी. बर्फात गेले,
पायाची दोन बोटं तिथे ठेवून परत आले.
मग एकवीस दिवसांची सुट्टी.
चौदाव्या दिवशी मार्कंडेय चढली,
पलीकडच्या शिवारात गवळ्याचं पोर
आंब्याच्या फांदीला धरून बसलेलं.
पोर आलं अलीकडे.
दोरी आली.

कमिटीचे सुभेदार स्वतः घरी आले होते.
चहा निवला तरी कप हातातच.
म्हणाले, वहिनी, नियम आहे. कामगिरीवर असायला लागतं.
ते रजेवर होते.
मी म्हटलं, होय.
दुसरं काय म्हणणार,
रजेचा कागद माझ्याच ट्रंकेत आहे.

मी त्यांचं नाव घेत नाही.
लग्नात एकदा घेतलं, हळदीकुंकवाला दोनदा,
तेही जुळवून, ओळीत दडवून.
आता दगडही घेत नाही.
आमचं, माझं नि दगडाचं, त्यामुळे बरं जमतं.

गेल्या आषाढात नदी बागेत आली.
झोपाळा गेला. कण्हेरी आडव्या झाल्या.
पाणी वरून सातव्या नावापाशी थांबलं
आणि चार दिवस तिथेच उभं राहिलं,
कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं.
ओसरल्यावर मी नारळाची शेंडी घेऊन बसले.
कानडी अक्षरं गोल, त्यांत गाळ जास्त धरतो.
मराठीत अनुस्वार. ते मंगळसूत्राच्या पिनेने काढले,
पिन अजून ब्लाउजला असते, नुसतीच.
सुभेदार म्हणाले, पंधरा ऑगस्टच्या आत
ती पाण्याची रेघपण घासून टाका.
घासली.
उगवतीची घासली, मावळतीची घासली.
रस्त्याकडची कडही.

नदीकडच्या कडेवर, जिथे कुठलीच भाषा नाही,
तिथली राहू दिली.
चार बोटं रुंद, तांबूस,
हात लावला तर अजून थोडी सुटते.

गवळ्याचं पोर आता अठराचं आहे.
तेही पळायला येतं, अंधारातच, भोकातून.
दमलं की बनियन नेमकं त्याच कडेवर टाकतं,
त्याला कुणी काही सांगितलेलं नाही.
मी त्याच्यावर ओरडत नाही.
झाडू थांबवून फक्त विचारते, किती झालं रे?
सांगतं.
अजून सहा सेकंद जास्त येतात.