दुधाची वही

आमच्या डुबेऱ्याच्या घरात कॅलेंडर आहे,
पण तारखा लागतात गायींवरून.
ईश्वरी झाली ती टिकली आटली त्या आठवड्यात.
दौलतला मुसळगावच्या कंपनीत घेतलं
तेव्हा इंजिन पहिलारू होती.
आणि मला माहेर सोडून किती दिवस झाले
ते मेथीच्या वेतांवर मोजते : सात.

वही माझ्याकडे. सकाळ, संध्याकाळ, लिटर, फॅट.
समासात जागा उरेल तिथं बाकीचं.

वैशाखात लिहिलंय : पंखे तीन, एक बंद.
गोणपाटं भिजवून पत्र्याखाली टांगली.
दूध घसरलं, फॅटही.
गायी जिभा काढून उभ्या,
आम्हीही तसेच, फक्त तोंड मिटून.

श्रावणाची पानं दमट, शाई फुटलेली.
मेथीच्या खुरात चिखल्या.
कडुनिंबाचा धूर केला, माशा तरीही.
मक्याची कुट्टी खड्ड्यात दाबली,
ईश्वरी वर नाचली अनवाणी,
पुढं मुरघासाचा आंबूस वास
तिच्या दप्तरालाही लागला.
पोळ्याला आमच्याकडे बैल नाही,
म्हणून तिनं दुधाच्या कॅनलाच बाशिंग बांधलं.
डेअरीवर कुणी हसलं नाही.
माप घेणाऱ्यानं उलट
कॅनला हात जोडले, मग झाकण काढलं.

वसुबारसेला दूध खायचं नसतं.
काढायचं असतंच.
निरांजन ठेवलं आणि
त्याच हातानं मशीनच्या नळ्या लावल्या.

पौषात नळाला बर्फासारखं पाणी.
नव्या कालवडीला पोतं शिवलं, बटणांसकट.
खरवस चार घरी.
आणि त्याच पानावर, आडवं :
आप्पांचा मोतीबिंदू, नाशिक, मंगळवार.

आप्पांची गाय एकच.
घोटीच्या बाजारातून आणलेली डांगी,
काळी-पांढरी, नाव बाजिंदी.
अंगाला मशीन लागू देत नाही.
दूध अडीच लिटर,
मिजास वीस लिटरची.

मंगळवार संध्याकाळ : बाजिंदी, शून्य.
बुधवार सकाळ : शून्य.
वासरू सोडलं, सरकी दिली,
दौलतनं आप्पांसारखी शीळ घालून पाहिली.
पान्हा चोरला तिनं. कास दगड झालेली.

बुधवारी दिवस मावळता
मी खुंटीवरचा आप्पांचा कोट घातला.
माकडटोपी ओढली.
चंची होती तशीच खिशात राहू दिली.
आणि बोलले नाही; तेही बोलत नाहीत.

तिनं मान वळवली.
बाहीवर नाक फिरवलं, बराच वेळ.
कळलं असणारच. जनावर आहे ते,
माणूस थोडंच आहे फसायला.
पण आपल्यासाठी कुणी एवढं सोंग घेतलं
तर आपणही थोडं सैल होतोच की.
पहिली धार
रिकाम्या बादलीच्या बुडावर वाजली.

शुक्रवारी आप्पा रिक्षातून उतरले
ते घरात न जाता सरळ गोठ्यात.
डोळ्यावर हिरवी पट्टी.
दारात थांबले, आणि उरलेल्या एका डोळ्यानं
बघत राहिले स्वतःलाच,
उकिडवं बसलेलं, धार काढताना.

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार,
सासऱ्याचा कोट म्हणजे काय.
मी टोपीला हात घातला.

"अंगठा आत घे," म्हणाले. "ओरबाडू नको तिला."
मग, कडब्याची पेंढी सोडता सोडता,
"टोपी असू दे. गार पडलंय."

शुक्रवार, संध्याकाळ. बाजिंदी : सव्वादोन.
फॅट मोजली नाही.
ते दूध घरचं.