साकु

तीन रात्री गोकाकच्या करदंटाचा रिकामा डबा
येझदीच्या पोटाखाली ठेवून झोपलो.
टप्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टप्.
बायको म्हणाली, उशीला पेट्रोलचा वास येतोय,
ह्या घरात एकच राहील, मी नाहीतर ती.

कॉक बंद केला, उघडला,
नीडल काढून फुंकर मारली,
सीटवरची घाण धोतराच्या चिंधीनं पुसली,
वायसर बदलला,
शिव्या घातल्या, त्या मात्र तीन भाषांत.

चौथ्या दिवशी ढकलत नेली उद्यमबागेत,
फाउंड्रीच्या मागं, दस्तगीर मुल्लांच्या शेडवर.
त्यांनी काही विचारलं नाही.
कार्ब्युरेटर उघडून पितळी फ्लोट काढला,
कानाशी धरून हलवला,
बाजारात नारळ हलवतात तसा.
"ऐक की."
आत चमचाभर पेट्रोल डुचमळत होतं.

पोरानं चहाच्या पातेल्यात पाणी उकळून आणलं.
फ्लोट चिमट्यानं त्यात बुडवला,
आम्ही तिघं वाकून बघत राहिलो.
शिवणीतून बुडबुडे,
मोहरीएवढे, एकामागून एक.
"तरंगायला ठेवलेला गडी,
त्यानंच ढोसलंय. आता साकु म्हणणार कोण?"
"साकु?"
"मग दुसरं काम काय ह्याला?
पेट्रोल चढतंय, हा चढतोय,
नीडल दाबून सांगतोय, साकु, पुरे.
बेकु बेकु म्हणाया सगळी दुनिया हाय."

भोक जरा मोठं करून आतलं झटकलं,
फ्लोट उन्हात ठेवला. जेवण झालं, पान झालं.
मग कथलाचा डाग, तिळाएवढा,
आणि त्यातलाही निम्मा कानशीनं घासून काढला.
वजन, म्हणाले.
बुजवायच्या नादात जड केलास
की परत बुडतोय, परत वाहतंय.
एवढं बोलून थोरल्याचं नाव घेतलं,
हुबळीला असतो तो,
आणि पुढं बराच वेळ नुसती कानस.

तीनशे सांगितले. मी दोनशे पुढं केले.
"साकागल्ल," म्हणाले, न हसता.

रात्री डबा ठेवलाच.
बायकोला गाढ झोप लागली.
मी जागा,
न पडणारा थेंब ऐकत.