दोन दीपगृहं

आमच्या किनाऱ्यावर दीपगृहं दोन आहेत,
हे आधीच सांगून ठेवते.
एक बुटकं, जुनं, दिवा कधीचाच विझलेलं,
आणि त्याच्या शेजारी एक उंच, करड्या दगडाचं.
मार्चमध्ये धक्क्यावरच्या ओल्या शेवाळावरून पाय घसरला,
डोकं लोखंडी खुंटावर आपटलं,
उठून पाहिलं तर ती चार होती.

गोउल्वेन म्हणाला, चारच?
भाऊ आहे. असंच बोलतो.
मग स्वतःच गाडी काढून ब्रेस्टला घेऊन गेला,
वाटेत एक शब्द नाही.

डाव्या डोळ्याची सहावी नस गेली होती.
कवटीच्या तळातून ती लांबची वाट चालते,
एवढ्या वाटेत कुठेतरी ठेच लागायचीच.
डोळा नाकाकडे वळला तो वळलाच,
उधारी थकलेल्या माणसासारखा
बाहेर बघेना.

चौदा वर्षं मी शेवाळातली साखरेची आम्लं मोजते.
डोळ्यांत तेल घालून म्हणावं,
तर आमच्याकडे डोळ्यांवर जाड चष्मा घालतात,
नळीत गंधकाम्ल असतं.
बर्फ, आम्ल, उकळतं पाणी, पुन्हा बर्फ,
मग अभिकर्मकाचा थेंब,
आणि तळातून हळूच गुलाबी चढतो.
जितका गडद, तितकं आम्ल.

आम्लं दोन, एकाच साखळीत गुंफलेली:
मॅन्युरॉनिक, गुलुरॉनिक.
एका कार्बनाचं तोंड इकडे की तिकडे,
फरक एवढाच.
पण एक जास्त झालं तर जेल लवचिक,
दुसरं जास्त झालं तर ताठ, काडकन तुटणारं.
गुलाबी रंगाला हे ठाऊक नसतं.
त्यांना वेगळं काढणं माझ्याकडे असायचं.

एकात लपलेले दोन ओळखायची मी,
आणि आता माझ्यासमोर एकाच नळीच्या दोन.
तिसऱ्या आठवड्यात पिपेट खोट्या नळीत रिकामी केली.
आम्ल मात्र खऱ्या टेबलावर सांडलं.
साहेबांनी मला कागदपत्रांच्या खोलीत बसवलं,
एका डोळ्यावर पट्टी,
आठ महिने. नस परत आली नाही.

डॉक्टर मोर्वान यांनी पाकिटाच्या पाठीवर चित्र काढलं.
वरचा स्नायू, खालचा स्नायू,
दोघांचा अर्धा-अर्धा पदर सोडवायचा
आणि आणून शिवायचा त्या बाजूच्या, निकामी झालेल्याच्या दाराशी.
मी म्हटलं, म्हणजे शेजारधर्म.
ते म्हणाले, हो, पण शेजाऱ्यांचीही ताकद थोडी कमी होते.
स्नायू उचलायचा हूक मला बघायचा होता.
बारीक, वाकडा, टोकाला बोथट.
गोउल्वेनच्या बोटीवर असाच आहे, पुरुषभर उंचीचा,
समुद्रात बुडवून फिरवला की
शेवाळाचे झुपके पिळवटून वर येतात.
भूल चढताना तेवढंच आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डोळा बधिर करून,
धाग्याची मोकळी ठेवलेली गाठ त्यांनी हातात घेतली.
किती दिसतात?
दोन.
जरा ओढलं. आता?
दोनच, पण मधलं अंतर निम्मं झालं.
ते हसले. नेमकं सांगता.
सवय आहे, मी म्हटलं.
मग त्यांचा पेन एकाएकी
स्वतःत शिरला.

घरी जाताना गोउल्वेनने वळणावर गाडी थांबवली.
भरती होती. मी पाहिलं.
दोन.
पोटात खड्डा पडला,
मग जरा विचार केला:
एक बुटकं, एक उंच.
खोटी असती तर सारख्या उंचीची असती.

सोमवारपासून नळ्या पुन्हा माझ्याकडे.
मान न वळवता पार डावीकडे पाहिलं
तर अजून एक गोउल्वेन जास्त दिसतो,
थोडा फिका, तोच स्वेटर.
त्याला सांगितलेलं नाही.