पावती

कपाट पुढे ओढलं तेव्हा कळलं,
बुरशीला घाई कधीच नव्हती.
काळी, मऊ, ठिपक्याला ठिपका लागून
कोपऱ्यातून निघाली ती फर्गसच्या उशापर्यंत आलेली.
त्याचा शाळेचा कोट मागून हिरवट,
जणू त्याच्या पाठीवर
कुणी हात ठेवून गेलं.

भिंतींना कान असतात म्हणतात.
ग्रीनॉकमधल्या आमच्या भिंतीला फुप्फुसं आहेत.

काउन्सिलचा माणूस आला, मिस्टर लॅव्हरी.
बूट दारात काढले, म्हणजे वाईट नाही तो.
दोन टोकांचं यंत्र भिंतीला टोचलं,
यंत्र किंचाळलं.
छप्पर ठीक आहे, म्हणाला. पन्हळी ठीक आहेत.
पाणी आतलंच आहे.
किटली, बटाटे, हीटरवर वाळत टाकलेले मोजे.
मग जरा नजर चुकवून:
"आणि श्वास. तिघांचा, रात्रभर.
तो कुठेतरी बसणारच ना, मिसेस रँकिन?"
कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं:
राहण्याची पद्धत.

त्या रात्री मी जागी राहून ऐकलं
आम्ही भिंत कशी भिजवतो ते.
मॉर्वेन तोंड उघडं टाकून,
फर्गस, दर चार श्वासांमागे एक शिट्टी.
मी माझा थोडा धरून पाहिला.
काटकसर करायची म्हटलं तरी
किती करणार?

ब्लीच लावून झालं. वरच्या मजल्यावरच्या सेंगाने सांगितलं
म्हणून व्हिनेगरही.
(दोन्ही एकत्र नको हं, तिने बजावलं,
बुरशीआधी तूच जाशील.)
खिडकी उघडली की क्लाइड नदीवरचा पाऊस आत,
बंद केली की आम्ही आत.
हीटरच्या मीटरमध्ये चार पौंड, आणि बुधवार.

मग रोज सकाळी काचा पुसून
फडकं पिळू लागले जॅमच्या रिकाम्या बरणीत.
पहिल्या दिवशी पाऊण बरणी.
झाकणावर तारीख घातली, हाताच्या सवयीने,
रासबेरीच्या जॅमवर घालते तशी.
अकरा सकाळी, अकरा बरण्या.
पाणी नितळ नव्हतं. करडं होतं,
तळाशी धाग्यासारखं काहीतरी
हलवलं की उठायचं, आणि पुन्हा बसायचं.

मॉर्वेनच्या बाबागाडीतून नेल्या त्या.
मॉर्वेन चालली.
काउन्सिलच्या काउंटरवर ओळीने मांडल्या.
पोरगी नवीन होती, नखं निळी रंगवलेली.
हे काय आहे? म्हणाली.
म्हटलं, आमचा श्वास.
कुठे जमा करायचा?

रांगेतला एक म्हातारा हसला,
हसता हसता खोकला,
मग त्याला हसायचं आठवलं नाही.

तिने आत फोन लावला. उचलला नाही कुणी.
पुन्हा लावला.
शेवटी एक कोरी पावती ओढली,
नाव विचारलं, स्पेलिंग विचारलं,
वर्णनापुढे लिहिलं: पाणी, बरण्या अकरा,
आणि शिक्का मारला,
जरा ओलाच.
बरण्या मात्र मी परत मागितल्या.
ऑगस्टमध्ये लागतील.

पावती आता फ्रिजच्या दारावर आहे.
काल तिच्या खालच्या कोपऱ्यात
एक ठिपका दिसला.
शाईचा असेल.
अंगठ्याने पुसून पाहायचं
मी अजून टाळते आहे.