दुसरा ग्लास

शाळेच्या लोकांना मी फोनवरच सांगून ठेवतो :
खुर्ची एक, पण पाण्याचे ग्लास दोन.
का, असं कुणी विचारत नाही.
म्हाताऱ्या माणसांना तहान लागते, एवढंच समजतात.

आधी खुर्च्याही दोन लागायच्या.
मिंडला डावीकडे, रेजिन उजवीकडे
आणि मी मागच्या भिंतीला टेकून, गाडीच्या किल्ल्या खिशात.
लीर, आल्स्ट, टुर्नहाउट, पुन्हा लीर.
अकरा वर्षं या बहिणींना मी गावोगाव नेलं.
गोष्ट मला तोंडपाठ. भांडणंही.

कोट हिरवा होता, रेजिन सांगायची.
तपकिरी, मिंडला मध्येच तोडायची,
हिरवा नंतरचा, धोबिणीनं दिलेला.
धोबिणीच्या माळ्यावर आम्ही दोन हिवाळे काढले.
तीन गं. तिसऱ्यात तू तापानं फणफणलेली, तुला काय आठवणार!
खाली इस्त्रीचे कोळसे पेटले
की वर तळपायांना ऊब लागायची,
यावर मात्र एकमत.
शिंक आली तर ओल्या चादरीत तोंड खुपसायचं,
यावरही.
मुलं आधी हसत असायची.
इथवर येईतो कुणी हसत नसे.

आणि मग तो ट्रामचा थांबा.
बेचाळीसचा ऑगस्ट, अँटवर्पमधली पहाटेची पहिली ट्राम.
आईनं दोघींना एका अनोळखी बाईच्या हाती दिलं,
खाली बसून कोटांची बटणं लावली,
ऐन उकाड्यात, हिवाळी कोट,
गळ्यापर्यंत.
"गुरुवारी येते," म्हणाली.
ट्राम सुटली, आई चालू लागली.

तिनं वळून पाहिलं, मिंडला म्हणायची.
नाही पाहिलं, रेजिन म्हणायची.
एक तेव्हा सात वर्षांची, एक चार.
या जागी दोघी एकमेकींकडे बघत नसत.
पाणी पीत.

मिंडला फेब्रुवारीत गेली.
आता रेजिन एकटीच दोन्ही बाजू मांडते :
कोट हिरवा. माझी बहीण म्हणते तपकिरी.
म्हणते. म्हणायची, नव्हे.
टुर्नहाउटला दातांना तार लावलेल्या एका पोरानं हात वर केला,
"मग खरं काय?"
बाई त्याला दटावायला उठल्या.
रेजिननं दुसरा ग्लास उचलला,
तसाच खाली ठेवला.
"तेवढं राहिलंय," म्हणाली.

परतताना गाडीत तिनं मला विचारलं,
"तुम्ही ट्राम चालवायचात ना?
त्या बाहेरच्या गोल आरशात किती लांबचं दिसतं?"
पुढच्या वळणापर्यंत, मी म्हणालो.
"आणि माणसाचा चेहरा?"
कळतो. आपल्याकडे असला तर.

एकतीस वर्षं मी त्या आरशात
थांब्यावर उरलेली माणसं लहान होताना पाहिली.
माझ्याआधी माझे वडील पाहत होते.
त्याही साली, त्याच शहरात.
कुठल्या मार्गावर, ते मी विचारलं नाही.
टोपी खुंटीला अडकवून ते गुमान जेवायला बसत,
आणि आई मला डोळ्यांनी गप्प करी.
हे सगळं अगदी ओठांवर आलं होतं
तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला.
मागच्याने हॉर्न दिला.

मग पुढच्या मंगळवारी लीर.
कोट, धोबीण, कोळसे, चादर,
थांब्यापाशी आल्यावर रेजिन अडली.
मला वाटलं, घसा सुकला.
पण ती मुलांच्या डोक्यांवरून सरळ मागच्या भिंतीकडे बघत होती.

"एक माणूस आणखी होता तिथे," ती म्हणाली,
"ट्राम हाकणारा.
त्याला दिसलं असणार.
आम्ही दोघी आयुष्यभर भांडलो,
त्याला विचारायचं सुचलंच नाही."

खिशात माझ्या किल्ल्या वाजल्या.
तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं
वळून पाहिलं.